बराच वेळ काहीच नाही

मार्गो टिल्सनचं पहिलं नाटक
कपडे धुण्याच्या दुकानात घडतं, रात्री दोन वाजता.
आमच्या डहाणूकर कॉलनीत रात्री दोनला
कुत्रीसुद्धा नियमाने झोपतात.
मी ते इस्त्रीवाल्याच्या टेबलावर आणलं, दुपारी,
आणि अर्धं नाटक तिथेच चुरगळलं.

दुसरं तिने दातांच्या दवाखान्यात
रात्रपाळीचे फोन घेता घेता लिहिलं.
तिसऱ्याला बक्षीस मिळालं, तेव्हा ती एक्कावन्न वर्षांची.
चौथं नऊ दिवसांत उतरलं.
हे मी विम्याच्या कचेरीत, जेवणाच्या सुट्टीत वाचलं,
एका हाताने डबा खात.
खरं सांगते, ते नऊ दिवस वाचून
ती मला पहिल्यांदा आपली वाटली.

पाचवं मी मराठीत केलं.
एकोणीस वर्षांनी मुलगी आईकडे येते.
खुर्ची आहे. आई ‘बस’ म्हणत नाही.
मुलगी उभी. कंसात लिहिलंय:
बराच वेळ काहीच नाही.
मग ती जाते.

बराच म्हणजे किती?
शर्वाणी तांबट म्हणाली, दहा सेकंद.
निनाद म्हणाला, पुण्यात दहा सेकंद गप्प राहिलं
तर लोक म्हणतात, वाक्य विसरले.
मी मार्गोला पत्र टाकलं, मानधनाचंही विचारलं.
उत्तर आलं:
पैसे राहू द्या. शांतता कापू नका.
तुमच्याकडे चहाचं पाणी उकळायला लागतो, तेवढा वेळ.

म्हणून तालमीला, नारायण पेठेत,
शिवणक्लासच्या वरच्या खोलीत
मी कोपऱ्यात शेगडी मांडायचे.
खाली मशिनी, वर शर्वाणी उभी,
पातेल्याच्या तळाला बुडबुडे धरायचे, सुटायचे.
उकळी फुटली की मी पदर हलवायचे.
मग तोच चहा सगळे प्यायचे.

प्रयोगाला एकेचाळीस माणसं,
त्यातली बारा निनादच्या सोसायटीतली.
खुर्ची. आई. मुलगी उभी.
आणि विंगेत गॅस विझला.
सिलिंडर हलवून पाहिला: कोऱ्या पावतीसारखा हलका.
पाणी कोमट.
शर्वाणीचे डोळे माझ्या पदरावर,
पदर माझ्या मुठीत.
आईच्या कामातल्या विमलताई सोवनी
खुर्चीच्या पाठीवरून हात काढेनात.
किती वेळ गेला, मला माहीत नाही.

तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ, मफलर, मांडीवर भाजीची पिशवी.
चिडून नव्हे, अगदी घरच्यासारखे म्हणाले,
“बसा ना हो आता. किती वेळ उभ्या राहाल?”

कुणी हसलं नाही.
शर्वाणी बसली.

संहितेत ती बसत नाही.
पाच नाटकं, बत्तीस वर्षं,
मार्गोच्या एकाही मुलीला कुणी बस म्हटलेलं नाही.
रात्री घरी येऊन मी सगळी पुन्हा चाळली.

पत्र अर्धं लिहून ठेवलंय.
प्रिय मार्गो, गॅस संपला होता.
पुढे त्या माणसाचं वाक्य लिहायचंय.
‘बसा’चं होईल. ‘ना’चंही ओढूनताणून जमेल.
त्या ‘हो’चं इंग्रजीत काय करू?