निविदापूर्व बैठक

मे महिना. सिव्हिल लाइन्स, तिसरा मजला.
कूलरची वाळ्याची ताटी अर्धी कोरडी,
आणि सात ठेकेदार
बाटलीबंद पाणी पिताहेत.

विषय : नवं जलशुद्धीकरण केंद्र.
पद्धत : नवी.
म्हणजे आराखडा त्यांचा, बांधणी त्यांची,
आणि पंधरा वर्षं चालवायचंही त्यांनीच.

माझी बत्तीस वर्षं जुन्या पद्धतीत गेली.
आम्ही आखायचं, त्यांनी बांधायचं,
ज्याचा दर कमी, त्याच्या गळ्यात काम.
मऊ मुरूम, कठीण मुरूम, खडक, प्रत्येकाचा भाव वेगळा,
आणि मुरूम नेमका कुठे खडक होतो
यावर तीन वर्षं लवाद.

निळ्या पुठ्ठ्याचं मोजमाप पुस्तक.
टेपचं एक टोक देवाजी निनावेच्या हातात, एक माझ्या.
लांबी, रुंदी, खोली. खाडाखोड झाली तर सही.
वाळूचे थर मोजले, झडपा मोजल्या,
रंगाचे हातसुद्धा मोजले.
पाण्याला रकानाच नव्हता.

मग गाळणी फुटली त्या वर्षी
ठेकेदारानं लिहिलं, आराखडा चुकला.
सल्लागारानं लिहिलं, बांधणी चुकली.
दोन्ही पत्रं एकाच टपालानं आली,
दोन्ही बरोबर होती.
पिवळं पाणी तेवढं कुणाचंच नव्हतं.
देवाजी म्हणाला होता,
‘मुरूम कोर्टात जाते मॅडम,
पाणी घरात जाते जी.’

म्हणून ही नवी निविदा मीच मांडली.
विटेला नाही, पाण्याला पैसे.
गढूळपणा एकाच्या वर गेला तर त्या दिवसाचं बिल कापा.
साहेब म्हणाले, छान.
मलाही छानच वाटलं, मागच्या मंगळवारपर्यंत.

मंगळवारी कुंदा रंगारीनं
प्रयोगशाळेत सहा चंचुपात्रं ओळीनं लावली,
तुरटी सोडली, पंखे फिरवले, थांबवले.
चौथ्यात कापसासारखे पुंजके धरले, हळूहळू बसले.
ती आकडा न बघता म्हणाली, ‘आज चाळीस. रात्री वरती पाऊस झालाय.’
हे तिला कुणी शिकवलं?
एकोणीस वर्षांच्या पाळ्यांनी.

पंधरा वर्षांनी किल्ल्या परत मिळतील तेव्हा
चौथं पात्र ओळखणारं
आमच्यात कोण असेल?

बैठकीत कोट घातलेला मुलगा विचारतो,
नदी फारच गढूळ झाली तर जोखीम कुणाची?
तक्ता उघडतो. जोखमीचे चौकोन,
त्यांचे निळे, आमचे पांढरे.
चौकोन बरोबर आहेत. मीच रंगवलेत.
तरी मी पेन काढून समासात लिहिते :
प्रत्येक पाळीत महापालिकेचा एक माणूस.
बघायला नव्हे. तुरटी टाकायला.

‘असं कुठे असतं का, मॅडम?’
वित्त विभाग हसतो.
‘जोखीम त्यांची म्हटल्यावर हातही त्यांचेच.’
त्याचंही खरं आहे.
हातात हात गुंतले की
पुन्हा दोन पत्रं, एक टपाल.

इतिवृत्तात एवढंच येईल :
प्रश्न क्रमांक तेवीस. उत्तर : निविदेप्रमाणे.
समासातलं अजून खोडलेलं नाही.
खोडलं, तर सही लागेल. माझी.

जाताना मी व्हरांड्यातल्या नळाला ओंजळ लावते.
कोमट. क्लोरीनचा थोडा वास.
गोळीबार चौकात देवाजीचा नळ
पहाटे साडेपाचला येतो.
निवृत्त झाला तरी उठतो,
बादली उजेडाकडे नेतो, वाकतो, तळ दिसतो का बघतो.
कुठेच लिहीत नाही.