गाळाचा दम

पौषात नाथसागराचं पाणी मागं सरकतं
आणि सोनेवाडीच्या कडेला गाळ उघडा पडतो,
म्हशीच्या पाठीसारखा, काळा, ओला.

मी त्यात बारा कडी रोवलीत
पांढऱ्या पाइपाची, वीतभर उंच.
चारांत काहीच नाही. चारांत चिमूटभर युरिया.
चारांत मूठभर.
वर डबा उपडा ठेवायचा, नळी जोडायची,
आकडा चढताना बघत बसायचं.

कड्यांची राखण आसराबाई लिंबोरेंकडे.
जाळं विणता विणता विचारतात,
"डाक्टरीणबाई, आज दम कसाय गाळाचा?"
मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं
की गाळ श्वास सोडतो.

चिमूटवाल्या कड्यांत आकडा धावतो,
जत्रेतून पळत आल्यागत धाप.
मूठवाल्यांत उतरलेला. सुन्न.
मी मशीन पुसलं, बॅटरी बदलली,
तरी तेच.
"पानात लई वाढलं की गडी बोलत नाही," आसराबाई म्हणाल्या.

वहीत याला रकाना नाही.

वर गाळपेरीच्या गव्हात
कुणीतरी पांढरे दाणे फेकतंय, हात लांब करून.
परवा पाणी देतील. ते इकडंच उतरेल.
मग माझी चार रिकामी कडी
रिकामी राहतील का, कोण जाणे.

शेकाट्यांचं जोडपं लाल काटकुळ्या पायांनी
सातव्या-आठव्याच्या मधून गेलं.
त्यांच्या पावलांत पाणी भरेपर्यंत थांबले,
मग डबा ठेवला.
आसराबाईंनी न सांगता तोंड वाऱ्याकडं वळवलं,
आपला श्वास त्यात मिसळू नये म्हणून.