पेरू

"कुठल्या गावची?" दस्तगीर चाचांनी विचारलं.
ती म्हणाली, "पेरू."
अख्खी सतारमेकर गल्ली हसली.
अरमान कोपऱ्यावरच्या गाड्यावरनं एक फोड घेऊन आला,
तिखटमीठ लावलेली.
तिनं खाल्ली, मनगटानं ओठ पुसले
आणि मान हलवून सांगितलं :
आमच्याकडे याला पेरू म्हणत नाहीत.

नेलिदा. पोरगी यानेत मिरजेत गाणं शिकायला,
ही पोरीला बघायला. महिनाभर.
पोरगी पहाटे सा लावून बसायची
आणि ही पायरीवर, हात मांडीवर पालथे.
कामाचे हात रिकामे राहिले की कसे दिसतात
मला ठाऊक आहे.
तेवीस वर्षं मी तंबोऱ्यांना पॉलिश मारते,
नखांतली चपडी ईदलासुद्धा निघत नाही.
तिच्या नखांत काजळी होती. जुनी, मुरलेली.

माळ्यावर भोपळे. भीमाकाठनं ट्रकनं येतात.
चाचा बोटाच्या पेरानं वाजवून बघतात :
हा गातो. हा गातो. हा मुका.
मुके कोपऱ्यात.

त्यातलाच एक तिनं उचलला,
तडा गेलेला, देठाकडं वाकडा.
वाजवून नाही बघितला. गालाला लावला.
पिशवीतनं लोखंडी टोच काढली
आणि पाय लांब करून, भोपळा नडग्यांवर घेऊन बसली,
लेकरू न्हाऊ घालायला बसतात तशी.

रेघ बुडापासनं निघाली, गोल गोल वर चढली.
टोपीतली बाई : तिची आई.
बटाटे काढणारी वाकलेली माणसं,
मागं बर्फ नसता तर कोरेगावकडचीच वाटली असती.
लांब मानेची जनावरं.
चौथ्या फेरीला रस्ता वळला
आणि आमची गल्ली लागली.

गॅसच्या टाक्यांचा टेंपो.
जुलेखाआपा, पदर दातात.
चाचा, कान तारेपाशी, तोंड उघडं.
("दात जास्त काढलेत," चाचा म्हणाले, "माझं तीनच हायेत.")
मी पण आहे. पाठमोरी.
नुसत्या पाठीवरनं इतकं ओळखलं तिनं मला,
माझ्या नवऱ्यानं कधी...
जाऊ दे.

मग जळती काडी फुंकत फुंकत
तिनं सगळ्यांना सावल्या दिल्या.

शेवटच्या रविवारी आपांच्या खलात
शेंगदाणे, लाल मिरची, लसूण.
"ही तर आपलीच चटणी," आपा म्हणाल्या.
तिनं त्यात दूध ओतलं. आपांनी अल्लाचं नाव घेतलं.
तिनं बिस्किटं चुरली. आपा उठून गेल्या.
एक पाला हवा होता तिला, इथं न मिळणारा.
बेबीताई कोष्टींच्या दारात, तेलाच्या डब्यातला झेंडू,
त्याचं पान चुरगाळून हुंगलं, डोळे मिटले :
जवळचं आहे. तेच नाही.
तरी दोन पानं टाकली.

उकडलेल्या बटाट्यांवर तो दाट पिवळा रस.
गल्लीत सतरंज्या टाकून पस्तीस माणसं जेवली,
कुणी भाकरीशी, कुणी नुसतंच बोटानं.
आपांनी तीनदा घेतलं, तिन्ही वेळा नाक मुरडून.
यानेतनं तिच्या डोंगरातलं काहीतरी म्हटलं,
मध्येच मिरजेची मींड लागली,
आईनं भुवई उचलली, मग हसली.

भोपळ्यांतनं निघालेल्या मूठभर बिया घेऊन
चाचा बेबीताईंना सांगत होते,
"परड्यात जागा हाय तुमच्या. ह्या आपण पेरू."
नेलिदानं झटकन मान वर केली,
घरनं कुणी हाक मारावी तशी.
अरमान समजावून सांगायला निघाला होता,
मी त्याला चिमटा काढला.

तो भोपळा आता गल्ल्याच्या वर, खिळ्याला.
गिऱ्हाईक किंमत विचारतं,
चाचा म्हणतात, वाजत नाही तो.
संध्याकाळी तंबोरे जुळवून भिंतीला ठेवले
की एकाला छेडलं तरी बाकीचे आपोआप गुणगुणतात.
हा गप्प.
तडा तिनं बुजवला नाही,
दोन्ही काठांना गवत कोरलं, एक नाव सोडली,
नदी झाली त्याची.
तिच्याकडची का आमची कृष्णा,
विचारायचं राहिलं.