नसलेल्या परिषदेपुढे

प्रति,
माननीय निबंधक,
पुढची ओळ कोरी सोडते आहे.
तुमचं कार्यालय अजून कुठेच नाही,
म्हणून पत्ता लिहिता आला नाही.

विषय : माझ्याविरुद्ध माझी तक्रार.

मी रेवती बागुल, वय एकेचाळीस, एम.एस.डब्ल्यू.,
राहणार धुळे, गल्ली नंबर सहा.
अठरा वर्षं लोकांच्या ओट्यावर बसून
त्यांचं जगणं निळ्या फायलीत उतरवून घेते.
नोंदणी क्रमांक : नाही.
आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्याला बिल्ला आहे,
औषधवाल्याच्या भिंतीवर काचेत परवाना.
पाचकंदीलला मेथी विकणाऱ्या हिराबाईच्या
अर्ध्या किलोच्या वजनालाही
सरकारी शिक्का लागतो, मुदत संपली की पुन्हा लागतो.
मी दिलेला शब्द किती ग्रॅमचा
ते कुणी कधी तपासलं नाही.
चौकातल्या फ्लेक्सवर ज्यांचा वाढदिवस असतो
तेही समाजसेवक, मीही.

घटना अशी.
गावाचं नाव बदललं आहे. मुलीचं देणारच नाही,
तुम्ही मागितलंत तरी.
नदी पांझराच; ती पुष्कळ गावांवरून जाते.
मार्च होता. खळ्यावर ती दादर उपणत होती,
कोंडा तिच्या पापण्यांवर, माझ्या वहीवर.
पंधरावं सरलं नव्हतं तिचं.
सूप खाली ठेवून म्हणाली,
"ताई, हाई गोट कोनले सांगू नको हां."
आणि मी, घाईत,
गोड बोलायच्या सवयीने,
गोष्ट काय आहे ते ऐकायच्या आधीच
म्हणाले, नाही सांगत कुणाला.

मग तिने हळदीची तारीख सांगितली.
नवऱ्या मुलाचं वय.
मामाने घेतलेले पैसे, मोजून.

दुपारी साक्रीच्या स्टँडवर
रसवंतीच्या मागे उभी राहून मी फोन लावला.
लावायलाच हवा होता. आजही लावेन.
लग्न थांबलं.
पेपरात बातमी आली, मला शाल मिळाली,
नारळ घरी येईपर्यंत तडकला होता.
वार्षिक अहवालात ती शिरली ती अशी :
यशस्वी हस्तक्षेप, एक.

बालगृहात भेटायला गेले
तेव्हा तिने माझ्याकडे नाही, वहीकडे पाहिलं.
"तू त बोलनी व्हती."
एवढंच.
शिव्या दिल्या असत्या तर
मी त्या नोंदवून तरी घेतल्या असत्या.

तक्रार फोनची नाही, साहेब.
तक्रार त्या तीन शब्दांची,
जे द्यायला माझे नव्हतेच.

शिकवलं नव्हतं असंही नाही.
पहिल्याच वर्षी, पंखा बंद असलेल्या वर्गात
वाघुळदे सरांनी फळ्यावर लिहिलं होतं :
आधी मर्यादा सांगा, मग कान द्या.
तेच वाक्य परीक्षेत लिहून
दहापैकी सात मिळवले होते मी.

आता आधी सांगते.
परवा एका चुलीपाशी सांगितलं :
मावशी, कुणाच्या जिवाचं असेल, लेकराचं असेल,
तर मला गप्प बसता येणार नाही.
बाकीचं सगळं माझ्या पोटात.
थापता थापता तिचा हात थांबला.
"मंग कसाले सांगू तुले?"
कळण्याची भाकरी वाढली, ठेचा वाढला,
वर तेलाची धारही सोडली.
गोष्ट वाढली नाही.
तिच्या मनगटावर काहीतरी होतं,
पीठ होतं की वळ, धुरात नीट दिसलं नाही.
फायलीत तो दिवस कोरा आहे.
हा कोरेपणाही माझ्याच नावावर धरायचा का,
ते तुमच्या नियमांत बघावं.
नियम नसतील तर लिहून काढावेत,
आणि लिहिताना एखादी चुलीपुढची बाई
शेजारी बसवून घ्यावी.

शिक्षा काय द्यावी मला सुचत नाही.
यादीतून नाव काढा म्हणावं,
तर यादीच नाही.

सोबत जोडलं आहे : वहीचं ते पान, कोंड्यासकट.
अर्जाची पोच मिळावी.
गुरुवारी मी पुन्हा तिच्या चुलीपाशी जाणार आहे,
त्याआधी मिळाली तर बरं.