मंगळवारचा शो

मंगळवारी तिकीट स्वस्त, म्हणून मंगळवार.
मी आणि रेखडे. शेवटून तिसरी रांग.
रेखड्यांना सिनेमा कुठला ते आत गेल्यावर कळतं,
कधीकधी बाहेर आल्यावरही नाही.

माझा धंदा दातांचा. डॉक्टर नव्हे,
मल्हारगंजात मागच्या गल्लीत लॅब आहे.
मापं येतात, आम्ही कवळ्या घडवतो.
तेव्हा माझं मत दातांपासून सुरू होतं,
हे आधीच सांगून ठेवतो.

ऐतिहासिक पाहिला. खर्च दिसत होता.
हत्ती संगणकातले, पाय जमिनीला टेकत नव्हते.
तीन महिने वेढा, किल्ल्यात दाणा नाही, पाणी नाही,
आणि सरदार हसला तर
बत्तीसच्या बत्तीस, एकाच छटेचे, चुनकळीसारखे.
मी म्हटलं, रेखडे, ह्या माणसाने
जन्मात सुपारी फोडलेली नाही.
रेखडे घोरत होते.
वेढा उठला तेव्हा जागे झाले,
म्हणाले, "लढाई छान घेतलीये."

भुताच्यात हडळीचे सुळे वरून बसवलेले.
बिचारीचा ओठ मिटेना, दर वाक्याला आवंढा.
पुढच्या रांगेतली पोरं ओरडत होती,
"भिया, पीछे देख!"
मला तिची दयाच आली.
ये बाई एकदा लॅबवर,
अर्धा मिलिमीटर घासून देतो.

प्रेमाचा मध्यंतरापर्यंत उत्तम.
मुलीचा डावा सुळा जरासा पुढे,
हसली की आधी तो हसायचा.
मध्यंतरानंतर ती परदेशातून परतली
आणि दात सरळ, पट्टी लावून आखल्यासारखे.
नायकाने तिला खूप काही विचारलं.
हे नाही विचारलं.
तिथेच माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला.

मारामारीचा, दक्षिणेकडचा. ओठ एक बोलतात, आवाज दुसरंच.
एकशेचाळीस माणसं आडवी केली त्याने, मी मोजली.
दात एकाचाही पडला नाही.
विनोदी होता एक. हसलो असेन.
पॉपकॉर्न चारशे ऐंशीचं, ते आठवतंय.

आणि मग परवाचा.
नट कुणी ओळखीचा नाही, पोस्टरही धड नाही,
हॉलमध्ये आम्ही धरून सहा जण.
टोलनाक्यावर पावत्या फाडणारी एक बाई, घरी तिचे वडील.
ते रात्री कवळी काढतात, वाटीत ठेवतात,
वर बशी झाकतात.
सकाळी ती भांडी घासता घासता
तीही घासते, चमच्यांच्या मधोमध,
विचार भलत्याच कशाचा तरी चाललेला.
बस, एवढंच. पुढे गाड्यांची रांग दाखवली.

सव्वीस वर्षं मी घडवतो आहे.
डबीत घालतो, नाव लिहितो, पाठवतो.
रात्री त्या कुठे जातात,
सकाळी कुणाच्या हाताला लागतात,
खरं सांगतो, मनातच आलं नव्हतं.

रेखड्यांना सांगायला वळलो.
रेखडे जागे होते.
तोंडावर हात धरून, ताठ बसलेले.
त्यांची कवळी माझ्याच हातची. सहा वर्षं झाली.

बाहेर आल्यावर पोहे घेतले.
जिरावण टाकून झालं, पोऱ्याने शेवेत मूठ घातली
आणि रेखडे म्हणाले, "मला शेव नको."
इंदुरात. पोह्यांवर.
पोऱ्या माझ्याकडे बघायला लागला,
जणू मीच त्यांना काही बोललो असेन.

"खालची टोचते का?"
"छे छे."
"कधीपासून?"
रेखडे पोहे चमच्याने चेपत राहिले.
"उद्या लॅबवर या."
"बघू. उद्या गॅसवाला यायचाय."

मग बराच वेळ रस्ता ओलांडता येईना,
सिटीबस, ई-रिक्षा, परत सिटीबस.
"सिनेमा कसा वाटला?" मी विचारलं.
"संथ होता जरा," रेखडे म्हणाले.
"झोप काही लागली नाही."