दोन्हीकडून सात

ग्रिम्सबीत दर मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला
वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर
आम्ही अकरा जण क्ष शोधायला बसतो.
इथे त्याला एक्स म्हणतात.
मी वहीत क्षच लिहिते.
ग्लेनिसबाई एकदा वाकून बघत म्हणाल्या,
काय सुंदर गाठ आहे ही. राहू दे.

माझ्या बाहीला फॅक्टरीतल्या हॅडॉकचा वास,
शेजारच्या क्लाइव्हच्या बाहीला डिझेलचा.
त्यानं पंधराव्या वर्षी शाळा सोडली.
तो इथं का येतो, ते त्यानं सांगितलेलं नाही.
मला दहावीला गणितात एकशे एकवीस होते, दीडशेपैकी,
पण सटाण्याच्या त्या मार्कांना
इथल्या नर्सिंगच्या कोर्सात कुणी पुसत नाही.
म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा
तीन क्ष अधिक सात बरोबर बावीस.

दाभाडे सर फळा पुसता पुसता सांगायचे,
पक्षांतर केलं की चिन्ह बदलतं.
वर्ग फिदीफिदी हसायचा, कारण त्याच सुमारास
आमच्या आमदारानं दोन्ही केलं होतं.
सर हसायचे नाहीत.
अधिक सात उंबरठा ओलांडतो
आणि पलीकडे वजा सात होऊन उभा राहतो.
का, ते विचारायचं नाही. मार्क मिळतात.
मीही अशीच आले इकडे,
चिन्ह बदलून,
का ते न विचारता.

ग्लेनिसबाईंना ही भाषाच ठाऊक नाही.
त्यांनी घरून तराजू आणला, पितळी, आईच्या वेळचा.
एका पारड्यात तोंड दुमडलेल्या तीन कागदी पिशव्या
आणि पेपरमिंटच्या सुट्या सात गोळ्या,
आमच्या लिमलेटच्या गोऱ्या चुलत बहिणी.
दुसऱ्या पारड्यात बावीस.
पिशव्यांचं वजन? क्लाइव्हनं विचारलं,
जन्मभर ट्रक भरलेला माणूस.
बाईंनी मुकाट्यानं तीन रिकाम्या पिशव्या पलीकडे ठेवल्या.
काटा मध्यावर आला.

पिशवी उघडायची नाही, त्या म्हणाल्या,
आणि इथून तिथे कुणी जात नाही.
इथल्या सात उचला.
मी उचलल्या. पारडं वर गेलं.
आता तिथल्याही सात.

तिथल्याही.

हात तसाच राहिला, गोळ्या तळव्याला चिकटत.
एवढी वर्षं मी माझ्याच बाजूचं मांडत आले होते.
तिकडून किती उचललं गेलं
ते कुठल्याच वहीत नव्हतं:
धाकट्याच्या लग्नात करवली म्हणून
उभी केलेली शेजारची मुलगी,
मी येईन म्हणून आईनं तीन उन्हाळे राखलेली
आणि चौथ्या उन्हाळ्यात वाटून टाकलेली
कुरडयांची पिशवी.

पंधरा राहिल्या. तीन वाटे. पाच.
ताळा करायला क्लाइव्हनं आपल्या हातची पिशवी उलटी केली.
चार पडल्या.
सगळे गप्प. बाई पुन्हा मोजायला लागल्या.
मग तो लालबुंद झाला,
आणि त्याच्या गालात काहीतरी खडखडलं.

शेवटचं गणित कागदावरचं होतं,
दोन क्ष अधिक नऊ बरोबर नऊ.
क्लाइव्ह कितीतरी वेळ पेनाचं टोपण चावत बसला.
नऊ काढले इकडून. नऊ काढले तिकडून.
मग मला हळूच विचारलं,
शून्य असं उत्तर चालतं?
चालतं. ताळा करून बघ.
त्यानं केला. परत केला.
म्हणजे पिशव्या आहेत, आत काही नाही.
हो.
तरी पिशव्या मांडायच्या.
हो, मांडायच्या.

आठला हीटर बंद झाला.
बाकीचे कोट चढवत जिना उतरले,
माझी बस सव्वाआठची.
तो अजून खाली मान घालून
शून्य गिरवत होता,
गोल नीट जुळेपर्यंत.