रकाना

शाळेची घंटा आमच्या परसात ऐकू येते.
दुर्वा मान वर करते, पुन्हा वहीत घालते.
जूनपासून ती घरीच. आम्हीच ठरवलं.

गल्लीत विचारतात, "मराठीत घातलीस की कन्नडात?"
"कुठंच नाही" म्हटलं
की बाया दोन पावलं मागं सरतात,
जणू पोरीला गोवर निघालाय.

बाळेश कंडक्टर, खानापूर–जांबोटी.
रात्री चटईवर चिल्लर ओततो, हिशेब तिचा.
बसची पाटी, औषधाची चिठ्ठी, खताचं पोतं
ती कन्नडातनं घडाघडा वाचते.
मी अडखळले की म्हणते,
"आई, तो म नव्हे गं, व. नीट बघ."

परवा तालुक्याहून मडिवाळर मॅडम आल्या.
चहा टाकताना माझा हात हलत होता.
फॉर्मात एक रकाना : माध्यम.
पेन घेऊन बसले मी,
चहावर साय धरेपर्यंत.

दुर्वानं मात्र त्यांचं बोट धरलं,
मागं कौलांच्या ढिगाकडं नेलं :
"ह्या मुंग्या. अकरा दिवस झाले, मोजूलालेय मी."
मॅडम पदर सावरून वाकल्या.
बाहेर ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला.

जाताना म्हणाल्या,
"सोमवारी येते. तेवढं भरून ठेवा."

संध्याकाळी पोरं परतली शाळेतनं,
ढकलाढकली, खिदळणं,
एकाची चप्पल गटारात, सगळे काठ्या घेऊन वाकलेले.
दुर्वा फाटकाला लटकून बघत होती
अंधार पडेपर्यंत.

हे मी अजून बाळेशला सांगितलेलं नाही.